बाटलीतील नमुन्यापासून बिनतारी संवेदकापर्यंत : पाण्याच्या गुणवत्ता तपासणीचा इतिहास (विशेष संदर्भ : घोडेगाव परिसर)

प्रस्तावना :
आंबेगाव तालुक्याचे मुख्यालय असलेले घोडेगाव घोड नदीच्या काठी वसले आहे. तालुक्याला नाव देणारे मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले. धरणात पाणी किती आहे याची नोंद नियमित होते. ते पाणी कसे आहे, या प्रश्नाचा इतिहास मात्र तुलनेने अलीकडचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

नमुना पद्धती :
महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला व १९७० मध्ये राज्य मंडळ स्थापन झाले. केंद्रीय कायदा १९७४ मध्ये आला. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. या सर्व व्यवस्थेचा पाया बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठविलेला नमुना हाच होता. परंतु नमुना केवळ एका क्षणाचीच साक्ष देतो. पहिल्या पावसाचा गढूळ लोंढा विहिरीत उतरून गेल्यावर घेतलेल्या नमुन्यात त्याचा मागमूस राहीलच असे नाही.

बिनतारी संवेदक :
ही उणीव भरून काढण्याची शक्यता १९९० च्या दशकाअखेर अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात झालेल्या सूक्ष्म संवेदकांच्या संशोधनातून पुढे आली. २००३ मध्ये अल्प ऊर्जेवर चालणाऱ्या बिनतारी संपर्काचे ८०२.१५.४ हे मानक निश्चित झाले. असा संवेदक बहुतांश वेळ निद्रिस्त राहतो. ठरावीक वेळी जागा होऊन सामू, गढूळपणा, विद्युतवाहकता मोजतो व आकडे पाठवितो. त्यामुळे त्याची बॅटरी दीर्घकाळ टिकते. वीज व रस्ते यांची अडचण असलेल्या डोंगराळ भागास हे साधन विशेष उपयुक्त ठरू शकते.

मर्यादा :
तथापि अतिसार, कावीळ यांसारखे रोग पसरविणारे जंतू हे संवेदक थेट ओळखत नाहीत. मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जिवाणू आढळता कामा नये. त्याची खात्री करण्यास आजही प्रामुख्याने प्रयोगशाळाच लागते. शिवाय संवेदकावर शेवाळ चढते व त्याचे वेळोवेळी प्रमाणीकरण करावे लागते. महाराष्ट्रातील गावांत टीसीएल पावडर टाकणारा व ओटी चाचणीने क्लोरीन पाहणारा जलसुरक्षक म्हणूनच अनावश्यक ठरत नाही.

निष्कर्ष :
नमुना उशिरा बोलतो, संवेदक तत्काळ बोलतो. परंतु दोघेही पाणी शुद्ध करीत नाहीत. आलेल्या आकड्यावर त्याच दिवशी कृती करणारा माणूस गावात असेल, तरच मोजणीचे रूपांतर संरक्षणात होते. म्हणून संवेदकांवरील खर्चाचा विचार करताना जलसुरक्षकाचे प्रशिक्षण व मानधन यांचाही त्याच अंदाजपत्रकात समावेश व्हावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.