सिरोंचा ते नागपूर, विमानाने

परवा इंटरनेटवर एक गंमत सापडली. दोन गावांची नावं टाकायची, की सरळ रेषेतलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ समोर हजर. लोक मुंबई-दिल्ली टाकत असतील, मी सिरोंचा-नागपूर टाकलं. उत्तर आलं, सुमारे २७० किलोमीटर. म्हणजे विमानाला पाऊण तास पुरे. सिरोंचाला विमानतळ नाही, रेल्वेही नाही, पण यंत्राला त्याचं काय! जमिनीवरून जायचं तर आलापल्लीचं जंगल, आष्टी, गडचिरोली करत साडेतीनशेच्या वर किलोमीटर होतात.

मग चाळाच लागला. सिरोंचा-हैदराबाद २२५. सिरोंचा-वरंगळ जेमतेम १०५. आणि आपली राजधानी मुंबई? ७४५! महाराष्ट्राच्या या टोकाला तेलुगू का ऐकू येते, ते एवढ्या आकड्यांवरून कळावं.

गंमत अशी, की हेच सिरोंचा एकेकाळी स्वतः जिल्ह्याचं ठिकाण होतं. गोदावरीच्या डाव्या काठचा हा मुलूख निजामाकडून १८६० साली इंग्रजांकडे आला आणि पुढे अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा झाला. इतक्या आडबाजूला कचेरी कशासाठी? तर नदीसाठी. वर्धा आणि वैनगंगेचं पाणी घेऊन प्राणहिता सिरोंचापाशी गोदावरीला मिळते. वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस नावांत भरून याच वाटेनं थेट पूर्व समुद्रावर न्यायचा, असा घाट सर आर्थर कॉटन यांनी घातला होता. (आडनावच कॉटन, मग दुसरं काय सुचणार!) अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ नंतर इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानातला कापूस हवाच होता. अडचण होती ती पात्रातल्या खडकांची. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि वर प्राणहितेत देवलमरी, अशा तीन ठिकाणी नाव अडायची. तिथं बगल देणारे कालवे काढायचे ठरलं, कामं सुरू झाली, पैसा ओतला गेला.

आणि १८६७ मध्ये मुंबईची आगगाडी नागपूरला पोचली.

झालं. कापसाचं तोंड पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरलं. मुंबई नागपूरच्या जवळ आली आणि सिरोंचा दूर गेलं, तेही जागचं न हलता. १८७१ मध्ये नदीचं काम थांबलं. १८७४ मध्ये जिल्हाच मोडला, भद्राचलमचा भाग मद्रासकडे गेला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याची एक तहसील होऊन बसलं.

पुढे १०८ वर्षं तसंच. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. लोकांना कचेरी जवळ पडावी, हाच जिल्हे फोडण्यामागचा विचार असतो ना? म्हणून तेही टाकून पाहिलं. सिरोंचा-चंद्रपूर सरळ रेषेत १४० च्या आसपास. सिरोंचा-गडचिरोली जवळजवळ १५०. नवा जिल्हा झाला आणि सिरोंचाची कचेरी कणभर लांबच गेली! जिल्ह्याच्या कचेरीतल्या कामासाठी उत्तरेला दीडशे किलोमीटर (रस्त्यानं दोनशेच्या घरात), पण माणूस गंभीर आजारी पडला तर गाडी गोदावरी ओलांडून वरंगळकडे वळते. आता नदीवर पूल आहे, म्हणून वळू तरी शकते.

शेवटी सिरोंचा-अहेरी टाकलं. ६० ते ६५. स्वतंत्र अहेरी जिल्ह्याची मागणी त्या भागात कित्येक वर्षांपासून आहे.