तीमथ्य

तीमथ्य हा इ.स. पहिल्या शतकातील ख्रिस्ती सेवक आणि प्रेषित पौलाचा तरुण सहकारी होता. इतर भाषांच्या प्रभावाने मराठीत त्याचा उल्लेख ‘तिमोथी’ असाही केला जातो. या मूळ ग्रीक नावाचा अर्थ ‘देवाचा मान राखणारा’ असा होतो. नव्या करारातील ‘१ तीमथ्य’ आणि ‘२ तीमथ्य’ ही पत्रे त्याला उद्देशून लिहिलेली आहेत. भित्रा, नाजूक प्रकृतीचा शिष्य ही त्याची रूढ प्रतिमा मुख्यतः या दोन पत्रांवरून तयार झाली. पौलाच्या निर्विवाद मानल्या जाणाऱ्या पत्रांत मात्र तो संकटात सापडलेल्या मंडळ्यांकडे पाठवला जाणारा विश्वासू प्रतिनिधी म्हणून दिसतो.

कुटुंब आणि सुंता

तीमथ्य हा आशिया मायनरमधील लुस्त्र या नगराशी संबंधित होता. लुस्त्र ही रोमन वसाहत होती. तिचे अवशेष आजच्या तुर्कस्तानात कोन्या शहराच्या दक्षिणेस आहेत. १८८५ मध्ये सापडलेल्या एका शिलालेखामुळे हे स्थान निश्चित झाले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकानुसार याच नगरात लोकांनी पौल व बर्णबा यांना आधी देव समजून त्यांच्यापुढे यज्ञ करण्याची तयारी केली आणि पुढे पौलाला दगडमार करून, तो मेला असे समजून नगराबाहेर टाकले. पौल पुन्हा तेथे आला तेव्हा (सुमारे इ.स. ४९) तीमथ्य आधीच शिष्य झालेला होता आणि लुस्त्र व इकुन्या येथील बंधुजनांत त्याचे नाव चांगले होते.

त्याची आई यहुदी होती, तर वडील ग्रीक. ‘२ तीमथ्य’ या पत्रात आई युनीके आणि आजी लोइस यांची नावे येतात, आणि त्याला बालपणापासून पवित्र शास्त्राची ओळख होती असेही म्हटले आहे. तरीही त्याची सुंता झालेली नव्हती. त्याला प्रवासात सोबत घेण्यापूर्वी पौलाने त्या भागातील यहुद्यांमुळे त्याची सुंता केली. ही घटना अभ्यासकांना कोड्यात टाकते, कारण गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ग्रीक असलेल्या तीताला सुंतेची सक्ती झाली नाही, हे पौल ठामपणे नोंदवतो. तीमथ्य आईकडून यहुदी असल्यामुळे त्याचा प्रश्न वेगळा होता, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. मात्र मातेवरून मुलाचे यहुदीपण ठरवण्याचा नियम त्या काळी कितपत रूढ होता, याविषयी मतभेद आहेत.

दूत म्हणून कार्य

त्या काळी रोमन साम्राज्यातील शासकीय टपाल सामान्य माणसाला उपलब्ध नव्हते. पत्र पोहोचवायचे, तर विश्वासू माणूसच लागे, आणि पत्रात न मावणारे समजावून सांगणे, परिस्थिती पाहून परत कळवणे हेही त्याच्याकडेच येई. थेस्सलनीका येथून पौलाला घाईने निघावे लागले आणि मागे राहिलेल्या नव्या मंडळीचा छळ सुरू झाला. स्वतः जाणे शक्य नसल्याने त्याने अथेन्सहून तीमथ्याला पाठवले. मंडळी टिकून असल्याचे शुभवर्तमान घेऊन तो परतल्यावर ‘१ थेस्सलनीकाकरांस’ हे पत्र लिहिले गेले. बहुतेक अभ्यासक त्याचा काळ सुमारे इ.स. ५० मानतात, आणि अनेकांच्या मते ते नव्या करारातील सर्वांत जुने लिखाण आहे. पौल व सिल्वान यांच्याबरोबर तीमथ्याचेही नाव प्रेषक म्हणून त्यात आहे. एकूण ६ पत्रांच्या आरंभी ते आढळते.

करिंथची कामगिरी अधिक अवघड होती. तेथील मंडळीत तट पडले होते. तीमथ्य आला तर त्याला निर्भयपणे राहता यावे आणि कोणी त्याला तुच्छ मानू नये, अशी सूचना पौलाला आधीच द्यावी लागली. पुढे पौल व करिंथकर यांच्यातील तणाव वाढला आणि समेटाची बातमी तीताने आणली. त्यावरून तीमथ्याच्या भेटीला फारसे यश आले नसावे, असा तर्क काही अभ्यासक करतात. त्याच्यावरील पौलाचा विश्वास मात्र ढळलेला दिसत नाही. पुढे तुरुंगातून फिलिप्पैकरांस लिहिताना पौल त्यांची खरी काळजी वाहील असा आपल्याजवळ दुसरा कोणी नाही, असे सांगतो आणि बापाबरोबर राबणाऱ्या मुलाची उपमा त्याला देतो.

तीमथ्याला लिहिलेली पत्रे

‘१ तीमथ्य’ मध्ये तो इफिस येथे खोट्या शिक्षणाला आवर घालण्यासाठी थांबलेला दिसतो. तारुण्यामुळे कोणी तुला तुच्छ लेखू नये, हा उपदेश आणि पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला याच पत्रात आहे. येथे ‘तारुण्य’ म्हणजे पोरवय नव्हे. दुसऱ्या शतकातील इरेनियस तरुणपणाची मर्यादा चाळिशीपर्यंत नेतो. ‘२ तीमथ्य’ मध्ये मृत्यू जवळ आलेला पौल त्याला हिवाळ्यापूर्वी येण्याची आणि त्रोवस येथे राहिलेला झगा व पुस्तके आणण्याची विनंती करतो.

१८०७ मध्ये जर्मन धर्मपंडित श्लायरमाखर यांनी ‘१ तीमथ्य’ पौलाचे असण्याविषयी शंका उपस्थित केली. भाषा आणि मंडळीची रचना पाहता ही पत्रे पौलानंतर त्याच्या नावाने लिहिली गेली, असे आज बहुसंख्य चिकित्सक अभ्यासक मानतात. पारंपरिक मताचे समर्थकही आहेत.

उत्तरायुष्य व परंपरा

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी तीमथ्याची सुटका झाल्याचा ओझरता उल्लेख आहे. चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस त्याला इफिसचा पहिला बिशप म्हणतो. एका मूर्तिपूजक उत्सवाला विरोध केल्यामुळे जमावाने त्याला ठार केले, ही कथा बऱ्याच नंतरच्या ‘तीमथ्याची कृत्ये’ या ग्रंथातील आहे. त्याचे मानले जाणारे अवशेष चौथ्या शतकात कॉन्स्टँटिनोपल येथे हलवण्यात आले. ऑर्थोडॉक्स मंडळी २२ जानेवारीला, तर रोमन कॅथलिक मंडळी २६ जानेवारीला, तीताबरोबर, त्याचा सण पाळते.