माणशी पन्नास लिटर

साल 1974, केपटाऊन. प्लॅस्कॉनच्या रंगाच्या कारखान्यात तुम्ही उभे आहात, थिनरचा वास डोक्यात चढतोय. प्रयोगशाळेत तेवीस वर्षांची एक मुलगी नुकतीच कामाला लागली आहे. पॅट्रिशिया डी लिल, गाव बोफर्ट वेस्ट, कारूच्या रखरखीत मुलखातलं. वर्णद्वेषी राजवटीच्या सरकारी दप्तरात तिची नोंद ‘कलर्ड’, म्हणजे मिश्रवंशीय. कुठे राहायचं, कुठल्या शाळेत शिकायचं, सगळं त्या एका शब्दावर ठरलेलं. इथेच ती युनियनमध्ये शिरते, कामगार प्रतिनिधी होते. 1988 मध्ये ती ‘नॅक्टू’ या कामगार महासंघाची राष्ट्रीय उपाध्यक्ष झालेली तुम्हाला दिसेल.

आता ऑक्टोबर 1997. संसदेच्या प्रेक्षक गॅलरीत बसा. लोकशाही येऊन तीन वर्षं झाली आहेत. पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसच्या खासदार डी लिल सत्ताधारी पक्षातल्या काही जणांवर, थेट नावं घेऊन, जुन्या वर्णद्वेषी राजवटीचे हेर असल्याचा आरोप करतात. सभागृह खवळतं. शिक्षा म्हणून पंधरा दिवसांचं निलंबन. बाई कोर्टात जातात आणि 1998 मध्ये निलंबन रद्द करून घेतात. पुढच्याच वर्षी शस्त्रखरेदीतल्या भ्रष्टाचाराच्या चौकशीची मागणी घेऊन त्या त्याच सभागृहात उभ्या राहतात. सत्तेकडे हिशेब मागायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम.

पण 18 जानेवारी 2018 ला हिशेब त्यांनाच द्यायचा आहे. 2011 पासून त्या केपटाऊनच्या महापौर आहेत आणि ओळीने तीन हिवाळे पावसाने दगा दिला आहे. त्या सांगतात की बहुतेक नागरिक 87 लिटरची मर्यादा पाळत नाहीत. 1 फेब्रुवारीपासून माणशी रोज 50 लिटरच. तरीही 21 एप्रिलला नळ बंद पडण्याची शक्यता आहे. मग शहरभरातल्या दोनशे ठिकाणी रांगा आणि माणशी 25 लिटर.

तुम्ही कॅन घेऊन न्यूलँड्सच्या झऱ्यावर रांगेत उभे राहता. आंघोळीचं पाणी बादलीत साठवून संडासात ओतता. पोहण्याचे तलाव असलेल्या वस्त्यांना हे नवं आहे. खायेलित्शाच्या झोपड्यांतल्या बायका सार्वजनिक नळावरून वर्षानुवर्षं पाणी वाहत आल्या आहेत, त्यांच्या दाराशी कॅमेरे आता कुठे पोचलेत.

डी लिल यांचा आग्रह होता की मालमत्तेच्या किमतीनुसार दुष्काळ-कर लावावा. ज्याचं घर मोठं त्याने जास्त भरावं, हे मला न्याय्यच वाटतं. पण पाणी वाचवणारेही संतापले आणि प्रस्ताव बारगळला. 19 जानेवारीला महापालिकेने पाणीसंकटाचे अधिकारही महापौरांकडून काढून घेतले. मे महिन्यात त्यांच्या तेव्हाच्या पक्षाने त्यांचं सदस्यत्व रद्द केलं, जूनमध्ये कोर्टाने तो निर्णय फिरवला. अखेर 31 ऑक्टोबरला त्यांनी स्वतःच पद सोडलं.

तोवर हिवाळी पाऊस पडून धरणं भरू लागली होती. नळ बंद पडण्याचा दिवस उगवलाच नाही, कारण दुष्काळाआधीच्या तुलनेत शहराने पाण्याचा वापर निम्म्यावर आणला होता. ते श्रेय रांगेतल्या माणसांचं आहे. पण 50 हा नावडता आकडा लोकांच्या तोंडावर सांगायला कुणीतरी लागतं आणि ते काम डी लिल यांनी केलं.