मागच्या चाकांची पकड आणि बर्नआउट

मोटार जवळजवळ जागीच धरून तिची मागची चाके गरागरा फिरवायची आणि रबराचा पांढरा धूर काढायचा, या क्रियेला बर्नआउट म्हणतात. आज चित्रफितींतून ती निव्वळ दिखाऊ हौस म्हणून समोर येते. परंतु तिचे मूळ अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींच्या एका व्यावहारिक गरजेत आहे. ती गरज कळण्यासाठी आधी टायर रस्त्याला धरतो कसा, हे पाहावे लागते.

शाळेतील भौतिकशास्त्र सांगते की घर्षण हे संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. रबर हा नियम पाळत नाही. ते दोन प्रकारे पकड घेते: एक म्हणजे पृष्ठभागाला रेणूंच्या पातळीवर चिकटून, आणि दुसरे म्हणजे खडीच्या बारीक उंचसखलपणात रुतून, दबून, पुन्हा उसळून. प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो आणि मोटारीचा सारा व्यवहार या चार तळहातांवर चालतो. पकड सर्वाधिक केव्हा असते, याचे उत्तरही थोडे अनपेक्षित आहे. चाक मुळीच घसरत नसताना नव्हे, तर गाडीच्या वेगापेक्षा ते साधारण १० ते २० टक्के जास्त फिरत असताना. त्यापुढे मात्र पकड उतरू लागते. चाक अधिक वेगाने फिरते, रबर अधिक तापते आणि पकड आणखी घटते.

स्पोर्ट्स कारमध्ये शक्ती मागच्या चाकांना देण्याचे कारण वजनात आहे. गाडी वेग घेते तेव्हा तिचा भार मागे सरकतो. उदाहरणादाखल सुमारे १७०० किलो वजनाची, ५.० लिटर व्ही-८ इंजिनाची २०१५ ची फोर्ड मस्टँग जीटी घेऊ. उभी असताना तिच्या मागच्या चाकांवर अंदाजे ८०० किलो भार असतो. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या त्वरणाने ती निघाली, आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच धरला, तर आणखी सुमारे १५५ किलो भार मागे जातो. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.९ मानल्यास मागचे दोन टायर मिळून जवळपास ८६० किलो-बल एवढा रेटा रस्त्याला देऊ शकतात. आता इंजिनाची बाजू पाहू. त्याचे टॉर्क सुमारे ५४० न्यूटन-मीटर. पहिला गिअर आणि मागचा डिफरन्शियल मिळून ते बारा-तेरा पटींनी वाढवतात. वाटेतील घट वजा केली तरी चाकाच्या कडेशी १७०० किलो-बलाच्या आसपास जोर पोहोचतो, म्हणजे टायर पेलू शकतो त्याच्या दुप्पट. पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की चाके घसरतात, यात चालकाच्या कौशल्याचा संबंध नाही; हा सरळ बेरीज-वजाबाकीचा प्रश्न आहे. साधा डिफरन्शियल असेल तर बहुधा एकच चाक फिरते आणि रस्त्यावर एकच काळा पट्टा उमटतो; मर्यादित घसरणीचा, म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल असेल तर दोन.

ड्रॅग शर्यत ही सरळ पट्टीवर, परंपरेने पाव मैलाची म्हणजे सुमारे ४०२ मीटरची. तीत निकाल बहुतांशी सुरुवातीच्या काही मीटरांत लागतो. तिथले स्लिक टायर नक्षीविरहित आणि अतिशय मऊ रबराचे असतात; ते गार असताना नीट चिकटत नाहीत. म्हणून शर्यतीआधी चाके ओल्या जागेवर नेऊन फिरवतात. पाण्यामुळे ती सहज सुटतात, मग कोरड्यावर येऊन तापतात. त्यात टायरवरची धूळ-खडी झडते, रबर चिकट होते आणि पट्टीवर रबराचा ताजा थर बसतो. पूर्वी पाण्याऐवजी ब्लीच ओतत असत. त्याच्या वाफा श्वसनास घातक असल्याने ती पद्धत मागे पडली. या क्रियेत पुढची चाके जखडून मागची मोकळी ठेवणारी योजना म्हणजे लाइन-लॉक. पूर्वी ती हौशी मंडळी वेगळी बसवून घेत. वर उल्लेखलेल्या मस्टँगमध्ये कंपनीनेच ती केवळ शर्यतीच्या पट्टीसाठी म्हणून दिली.

रस्त्यावरच्या सामान्य टायरला या सोहळ्याचा लाभ जवळपास शून्य. त्याचे रबर दीर्घकाळ टिकावे म्हणून बनवलेले असते. फाजील तापल्यावर त्यातील तेले व हलकी संयुगे वाफ होऊन हवेत निवतात. आपण पाहतो तो धूर बऱ्याच अंशी हाच. मागे उरते ते कडक, असमान झिजलेले रबर. शिवाय क्लच, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना बसणारा मार वेगळाच.

खरा धोका मात्र गाडी चालू लागल्यावर आहे. टायरकडे पकडीची एकच पुंजी असते. ती पुढे रेटण्यात खर्च झाली की बाजूला धरून ठेवण्यास काही उरत नाही. मागची चाके सुटी फिरत असताना रस्त्याचा कडेकडचा किंचित उतारही गाडीची शेपटी बाहेर ढकलण्यास पुरतो. गोंधळलेला चालक स्टिअरिंग उलट फिरवतो आणि पाय एकदम उचलतो. चाकांना पकड तत्क्षणी परत मिळते, पण पुढची चाके तोवर भलत्याच दिशेला वळलेली असतात. गाडी झटक्यात दुसऱ्या बाजूला उसळते. अमेरिकेत मोटार-मेळाव्यांतून बाहेर पडताना पदपथावर चढलेल्या गाड्यांची कथा बहुतेक वेळा हीच असते, आणि पदपथावर माणसे उभी असतात. चाक सुटताच इंजिनाची शक्ती कमी करणारे किंवा ब्रेक लावणारे ट्रॅक्शन कंट्रोल अशा वेळी फार उपयोगी पडते. बर्नआउटसाठी पहिल्यांदा बंद केले जाते ते नेमके तेच.

आपल्याकडे स्पोर्ट्स कार मोजक्या, पण मागच्या चाकांवर चालणारी वाहने मुबलक आहेत. जुनी ओम्नी, ईको, इनोव्हा क्रिस्टा ही सगळी त्याच गोत्रातली. पहिल्या पावसात धूळ, तेल आणि पाणी यांचा पातळ लेप रस्त्यावर बसतो, तेव्हा पकड कोरड्या डांबराच्या मानाने बरीच खाली येते आणि चाक सुटायला व्ही-८ इंजिनाची गरज उरत नाही. सार्वजनिक रस्त्यावर मुद्दाम चाके फिरवणे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८४ खाली धोकादायक चालवणे ठरू शकते. शासनाच्या लेखी संमतीवाचून शर्यत लावणे कलम १८९ खाली गुन्हा आहे. टायरच्या नक्षीची खोली मोटारीसाठी किमान १.६ मिलिमीटर हवी. दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे बसवावेत, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही.