मुक्तस्रोत सॉफ्टवेअर

ज्या संगणकीय आज्ञावलीची मूळ संहिता कोणालाही पाहता, वापरता, बदलता आणि बदललेल्या स्वरूपात इतरांना देता येते व तसा अधिकार परवान्याद्वारे स्पष्टपणे दिलेला असतो, तिला मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. मूळ संहिता म्हणजे आज्ञावलीकाराने मानवास वाचता येईल अशा संगणकीय भाषेत लिहिलेला मजकूर होय. संगणक प्रत्यक्षात चालवितो ते बहुधा तिचे यंत्रभाषेतील रूपांतर असते. केवळ हे रूपांतर हाती असल्यास आज्ञावली वापरता येते. परंतु तिच्यातील दोष दुरुस्त करणे, तीत भर घालणे किंवा ती नेमके काय करते याची खात्री करून घेणे अत्यंत कठीण होते. म्हणून मूळ संहिता कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न तांत्रिक तसाच आर्थिकही आहे. असे सॉफ्टवेअर सामान्यतः विनामूल्य मिळत असले, तरी विनामूल्यता हे त्याचे लक्षण नव्हे. फेरफार व पुनर्वितरण यांचे स्वातंत्र्य हे त्याचे लक्षण होय.

पूर्वपीठिका : संगणकाच्या आरंभीच्या काळात सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकण्याची वस्तू नव्हती. यंत्राची किंमत वा भाडे फार मोठे असे आणि आज्ञावल्या त्याच्यासोबतच मिळत. १९५३ साली युनिव्हॅक संगणकासाठी तयार झालेली ‘ए–२’ ही प्रणाली मूळ संहितेसह ग्राहकांना देण्यात आली व सुधारणा कळविण्याचे आवाहनही त्यांना करण्यात आले. १९५५ मध्ये आयबीएम कंपनीच्या यंत्रांचा वापर करणाऱ्या संस्थांनी ‘शेअर’ नावाचा संघ स्थापन केला. एकच गणिती आज्ञावली प्रत्येकाने निराळी लिहिण्यात होणारा श्रम व पैशाचा अपव्यय टाळणे, हा त्यामागील हेतू होता. या संस्थांपैकी काही व्यवसायात एकमेकांच्या स्पर्धक होत्या, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. यावरून संहितेची देवाणघेवाण औदार्यातून नव्हे, तर व्यावहारिक सोयीतून सुरू झाली, असे दिसून येते.

२३ जून १९६९ रोजी आयबीएमने सॉफ्टवेअर व सेवा यांची आकारणी यंत्रापासून वेगळी करण्याचे जाहीर केले. त्यामुळे सॉफ्टवेअरचा स्वतंत्र उद्योग वाढीस लागला. १९८० साली अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात संगणकीय आज्ञावलीचा स्पष्ट समावेश झाला; भारतातही १९५७ च्या कायद्यात १९८४ साली तशी दुरुस्ती करण्यात आली. मूळ संहिता व्यापारी गुपित म्हणून जपण्याची प्रथा याच काळात रूढ झाली.

युनिक्स या प्रणालीचा इतिहास या स्थित्यंतराचे उत्तम उदाहरण आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांमध्ये १९६९ पासून ती विकसित झाली. तिची मालक एटी अँड टी कंपनी हिला १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे दूरध्वनीखेरीज अन्य व्यवसाय करण्यास मनाई होती. साहजिकच विद्यापीठांना युनिक्स मूळ संहितेसह अल्प शुल्कात मिळाली आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तिच्यात मोलाची भर पडली. १९८४ मध्ये कंपनीचे विभाजन होऊन ही मनाई उठली, तेव्हा मात्र युनिक्सच्या परवान्याचे दर चढत गेले आणि अटीही कडक झाल्या.

मुक्त परवान्याचा उदय : मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतील आज्ञावलीकार रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी युनिक्सशी जुळणारी संपूर्ण मुक्त प्रणाली निर्माण करण्याचा ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. १९८५ मध्ये त्यांनी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापिली. त्यांचे सर्वांत दूरगामी कार्य म्हणजे १९८९ साली प्रसिद्ध झालेला ‘जनरल पब्लिक लायसेन्स’ हा परवाना होय. त्याने कॉपीराइटचा कायदा नाकारला नाही, उलट त्याचाच आधार घेतला. आज्ञावली कोणीही बदलावी व वितरित करावी. मात्र वितरित करताना मूळ संहिता आणि हेच स्वातंत्र्य पुढच्याला दिले पाहिजे, अशी त्याची अट आहे. सामायिक धन पुन्हा खाजगी होऊ नये, याची तजवीज अशा रीतीने कायद्याच्या चौकटीतच झाली.

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्‌स यांनी प्रणालीचा गाभा लिहून तो इतरांना उपलब्ध करून दिला. आरंभी त्याच्या व्यापारी वितरणास बंदी होती. १९९२ मध्ये वरील परवाना स्वीकारल्यावर ती दूर झाली व लिनक्सचा प्रसार वेगाने झाला. १९९५ मध्ये संकेतस्थळे चालविणाऱ्या काही तंत्रज्ञांनी आपापल्या दुरुस्त्या एकत्र करून ‘अपाची’ ही सेवासंगणकावरील आज्ञावली सिद्ध केली. नेटस्केप कंपनीने आपल्या न्याहाळकाची संहिता खुली करण्याचे जानेवारी १९९८ मध्ये जाहीर केले. त्यापाठोपाठ फेब्रुवारीत ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा पुढे आली आणि तिची व्याख्या सांभाळणारी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्थाही निघाली. स्टॉलमन यांचा भर वापरकर्त्याच्या नैतिक स्वातंत्र्यावर होता. नव्या संज्ञेच्या पुरस्कर्त्यांनी गुणवत्ता व व्यावसायिक लाभ यांवर भर दिला. हा मतभेद आजही मिटलेला नाही.

उद्योगांना होणारा लाभ : जी वस्तू कोणासही फुकट नेता येते, तिच्यावर व्यवसाय कसा उभा राहतो, हा प्रश्न स्वाभाविक आहे. सॉफ्टवेअर एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नाही आणि त्याची प्रत काढण्यास जवळजवळ खर्च येत नाही. मात्र ते जुळविणे, सांभाळणे व अडचणीच्या वेळी दुरुस्त करणे यांस कुशल माणसे लागतात. रेड हॅट कंपनीने ही सेवाच विकली. तिचे वार्षिक उत्पन्न २०१२ साली १०० कोटी डॉलरच्या पुढे गेले आणि २०१९ मध्ये आयबीएमने सु. ३,४०० कोटी डॉलर देऊन ती विकत घेतली. मायएसक्यूएल या स्वीडिश कंपनीने एकच आज्ञावली मुक्त व व्यापारी अशा दोन परवान्यांखाली दिली. काही कंपन्या आपले उत्पन्न यंत्रे, जाहिराती वा भाड्याने दिलेली संगणकसेवा यांतून मिळवितात आणि त्यांना पूरक असलेले सॉफ्टवेअर खुले करतात. गूगलचे अँड्रॉइड हे त्याचे ठळक उदाहरण होय. मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांनी २००१ साली लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. त्याच कंपनीने २०१८ मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांचे मोठे भांडार असलेली गिटहब ही कंपनी ७५० कोटी डॉलरना खरेदी केली. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वाधिक वेगवान ५०० संगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालत आहे.

वापरणाऱ्या उद्योगास परवानाशुल्कातील बचतीपेक्षा दोन लाभ अधिक महत्त्वाचे ठरतात. एक, तो एकाच विक्रेत्याच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही; विक्रेता बुडाला किंवा त्याने दर वाढविले, तरी संहिता हाती राहते. दुसरा, नव्या उद्योजकास पायापासून आरंभ करावा लागत नाही. अर्थात स्थलांतर, प्रशिक्षण व देखभाल यांचा खर्च टळत नाही. तो न मोजता केवळ फुकट म्हणून प्रणाली स्वीकारल्यास अपेक्षाभंग होतो.

अर्थव्यवस्थेतील मूल्य : राष्ट्रीय उत्पन्नाची गणना प्रामुख्याने बाजारभावाने होत असल्याने, ज्याला भाव नाही त्याचे मोल तीत नीट उमटत नाही. हार्व्हर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, व्यापक वापरातील मुक्तस्रोत सॉफ्टवेअर एकदाच नव्याने लिहून काढण्यास सु. ४१५ कोटी डॉलर लागतील. परंतु ते अस्तित्वात नसते आणि वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला स्वतः लिहावे लागले असते, तर तो खर्च ८.८ लाख कोटी डॉलरच्या घरात गेला असता. या दोन आकड्यांमधील अंतर हेच सामायिकतेचे मूल्य होय. यूरोपीय आयोगासाठी २०२१ मध्ये झालेल्या अभ्यासाने २०१८ सालच्या सु. १०० कोटी यूरोंच्या गुंतवणुकीचा तेथील अर्थव्यवस्थेवरील परिणाम ६,५०० ते ९,५०० कोटी यूरो इतका अंदाजिला आहे.

भारतातील स्थिती : भारत सरकारने २०१५ साली शासकीय संगणकप्रणालींत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित प्रणाली भारतीय भाषांसह तयार केली. बंगलोर येथील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत २०१८ साली सुरू झालेला ‘मोसिप’ हा नागरिक-ओळखीचा मुक्तस्रोत प्रकल्प फिलिपीन्स, मोरोक्को इ. देशांनी स्वीकारला.

भारतीय भाषांच्या दृष्टीने या सॉफ्टवेअरचे महत्त्व विशेष आहे. ज्या भाषेच्या बाजारातून पुरेसा नफा दिसत नाही, तिच्यासाठी विक्रेता खर्च करीत नाही. संहिता खुली असल्यास मात्र ते काम भाषकांना स्वतः करता येते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीने पुरविलेले व रेड हॅटने मुक्त परवान्याखाली प्रसृत केलेले ‘लोहित’ टंक, तसेच फायरफॉक्स व लिबरऑफिस यांची मराठी रूपे ही याची उदाहरणे होत.

दोष व समस्या : जे सर्वांचे आहे त्याची देखभाल कोणी करावी, ही या पद्धतीतील मूलभूत अडचण होय. ओपनएसएसएल ही आज्ञावली महाजालावरील व्यवहार सांकेतिक रूपात सुरक्षित ठेवण्यासाठी सर्वत्र वापरली जाते. एप्रिल २०१४ मध्ये तिच्यात ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष उघडकीस आला, तेव्हा तिच्यासाठी पूर्ण वेळ काम करणारी एकच व्यक्ती होती आणि देणग्या वर्षाला सु. २,००० डॉलर एवढ्याच येत होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या आज्ञावलीतील दोषाने जगभरच्या संस्थांची धावपळ उडाली. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लहानशा आज्ञावलीत कोणीतरी हेतुतः चोरवाट ठेवल्याचे आढळले, त्याने सु. दोन वर्षे साहाय्यक म्हणून काम करून, एकट्याने भार वाहणाऱ्या देखभालकर्त्याचा विश्वास संपादन केला होता. प्रवेशक्रियेस लागणारा अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ एका दक्ष अभियंत्यास खटकला, म्हणून पुढील अनर्थ टळला. संहिता खुली असल्यामुळे हा शोध पूर्ण होऊ शकला, हे जितके खरे, तितकेच खुलेपणा म्हणजे आपोआप होणारी तपासणी नव्हे, हेही खरे.

मोठ्या कंपन्या इतरांचे श्रम सेवारूपाने विकतात, अशी छोट्या निर्मात्यांची तक्रार असते. याच कारणाने इलॅस्टिक कंपनीने २०२१ साली आपला परवाना आवळला. अमेझॉनने जुन्या संहितेवरून ‘ओपनसर्च’ ही स्वतंत्र शाखा काढली आणि २०२४ मध्ये इलॅस्टिकने मुक्त परवान्याचा पर्याय पुन्हा दिला.

उपर्युक्त हार्व्हर्ड अभ्यासानुसार या सॉफ्टवेअरच्या ९६ टक्के मूल्याची निर्मिती अवघे ५ टक्के आज्ञावलीकार करतात. हार्टब्लीडनंतर लिनक्स फाउंडेशनने कंपन्यांच्या वर्गणीतून निधी उभारला आणि जर्मन सरकारने २०२२ मध्ये अशा आज्ञावल्यांच्या देखभालीसाठी स्वतंत्र निधीची तरतूद केली. पूल वा धरण बांधल्यावर त्याच्या देखरेखीचा खर्च कोणीतरी अंदाजपत्रकात धरतो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर हाही आधुनिक अर्थव्यवस्थेचा असाच पाया आहे. परंतु त्याच्या देखरेखीचा खर्च अंदाजपत्रकात धरण्याची प्रथा अद्याप सर्वत्र रुजलेली नाही.