मनिला आणि नाशिक : चित्रपटातील लेखी भाषेचा एक इतिहास

नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जाणाऱ्या मार्गावर सातपूर आहे. याच मार्गाच्या एका टोकास, त्र्यंबक येथे, १८७० मध्ये धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला आणि दुसऱ्या टोकास, नाशिक शहरात, त्यांच्या आयुष्यातील बहुतेक चित्रपट निर्माण झाले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) सातपूर हे औद्योगिक वसाहतीचे गाव बनले आणि मराठीच्या नाना बोली बोलणारा कामगारवर्ग तेथे स्थिरावला. अशा गावातील एखाद्या चित्रपटप्रेमी माणसाने मुंबई, पुणे वा पणजी येथील महोत्सवात किंवा कलात्मक चित्रपटांच्या प्रेक्षागृहात आजचा फिलिपिनी चित्रपट पाहावयाचे ठरविले, तर तो त्यास कोणत्या भाषेतून भेटतो, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. संवाद तागालोग भाषेतील असतात, प्रेक्षक मराठी असतो आणि पडद्याच्या तळाशी उमटणारी उपशीर्षके मात्र इंग्रजी असतात. ही व्यवस्था स्वाभाविक नसून ऐतिहासिक आहे. ती कशी घडली व तिच्यामुळे काय हरवते, याचा विचार केला पाहिजे.

दोन्ही देशांतील आरंभ जवळजवळ एकाच वेळचा आहे. मुंबईत ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात दाखविण्यात आली, तर मनिला शहरात असे खेळ जानेवारी १८९७ मध्ये सुरू झाले. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला. त्यानंतर फाळके यांनी आपले काम नाशिकला हलविले आणि १९१८ मध्ये तेथे हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. या कंपनीचा 'कालिया मर्दन' १९१९ चा. त्याच वर्षी मनिला येथे होसे नेपोमुसेनो याचा 'दालागांग बुकिद' प्रदर्शित झाला. एका फिलिपिनी दिग्दर्शकाने निर्माण केलेला हा पहिला कथापट होय. 'कालिया मर्दन'चा बराच भाग आज उपलब्ध आहे. 'दालागांग बुकिद' मात्र कायमचा नष्ट झाला आहे.

भाषेच्या अभ्यासकास या दोहोंतील एक साम्य विशेष महत्त्वाचे वाटेल. मूकपटात दृश्यांच्या मधोमध लेखी मजकुराचे फलक येत. फाळके यांच्या चित्रपटांत इंग्रजीच्या बरोबरीने देशी भाषेतील फलक असत, आणि ज्यांस अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी काही चित्रगृहांत ते मोठ्याने वाचून दाखविले जात. 'दालागांग बुकिद'चे फलक इंग्रजी, स्पॅनिश व तागालोग अशा तीन भाषांत होते. ते संगीतनाटकावर आधारलेले असल्यामुळे त्याची नायिका आतांग दे ला रामा ही खेळाच्या वेळी चित्रगृहात प्रत्यक्ष गात असे. म्हणजे स्पेनची सत्ता जाऊन अमेरिकेची आलेल्या मनिलात काय, किंवा इंग्रजी अमदानीतील नाशिकात काय, राज्यकर्त्यांची भाषा पडद्यावर होती. परंतु ती एकटी नव्हती. तिच्या शेजारी प्रेक्षकाची भाषा होती, आणि ती तेथे असल्याखेरीज खेळ चालणार नाही हे निर्मात्यास पक्के ठाऊक होते.

बोलपटाच्या आगमनाने हे चित्र पालटले. प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' (१९३२) मराठी व हिंदी अशा दोन भाषांत स्वतंत्रपणे चित्रित झाला. फिलिपाइन्समध्ये १९३३ पासून तागालोग बोलपट निघू लागले. प्रत्येक भाषेस आपला आवाज मिळाला, पण त्याच क्षणी ती भाषा न जाणणाऱ्यांस चित्रपट पारखा झाला. परदेशी जावयाचे तर मध्यस्थ भाषा घेणे भाग पडले. मॅन्युएल कोंदे याचा 'गेंगिस खान' हा १९५० चा चित्रपट १९५२ मध्ये वेनिसच्या महोत्सवात पोहोचला. त्याच्या परदेशी आवृत्तीस जेम्स अ‍ॅजी या अमेरिकन लेखकाचे इंग्रजी निवेदन जोडण्यात आले होते. त्यापूर्वी पंधरा वर्षे, १९३७ मध्ये, प्रभातच्याच 'संत तुकाराम'चा वेनिसला गौरव झाला होता. पुढेही हेच घडत गेले. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१४ मध्ये वेनिसच्या 'ओरिझोन्ती' विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला आणि २०१६ मध्ये लाव दियास यांच्या 'आंग बाबाएंग हुमायो' या चित्रपटाने तेथील सुवर्णसिंह पटकावला. मराठी आणि तागालोग या दोन आशियाई भाषांचे चित्रपट असे वेनिसला एकाच अंगणात उतरतात. परंतु एकमेकींच्या घरी जाण्याची वाट त्यांस अजून सापडलेली नाही.

महाराष्ट्रात परभाषी चित्रपट पाहण्याची जी परंपरा निर्माण झाली, तिचे श्रेय चित्रपट-संस्थांच्या चळवळीस आहे. मुंबईतील १९५२ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवानंतर ही रुची वाढली. पुण्यात चित्रपट-शिक्षणाची संस्था १९६० मध्ये व राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तर १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. या चळवळीतील कार्यकर्त्यांनी परदेशी चित्रपटांवर मराठीतून लिहिले, चर्चा मराठीतून केल्या. समीक्षेची भाषा मराठी झाली. पडद्याच्या तळाची भाषा मात्र इंग्रजीच राहिली. फिरत्या प्रती अनेक शहरांसाठी एकच असत आणि उपशीर्षके त्या प्रतीवरच उमटविलेली असत, हे त्याचे तांत्रिक कारण होय. आज चित्रपट अंकीय स्वरूपात दाखविला जातो आणि उपशीर्षके वेगळ्या नोंदीतून जोडता येतात. कारण उरले नाही, पण सवय उरली आहे.

या सवयीची किंमत काय, हे तागालोगच्या रचनेकडे पाहिले म्हणजे स्पष्ट होते. तागालोगमध्ये ऐकणाऱ्यास सामावून घेणारे 'तायो' व त्यास वगळणारे 'कामी' अशी प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. मराठीत नेमका हाच भेद 'आपण' व 'आम्ही' या रूपांनी व्यक्त होतो. इंग्रजीपाशी दोहोंसाठी एकच शब्द आहे. तसेच तागालोगमध्ये जवळच्यास 'इकाव' वा 'का' आणि मान्यास 'कायो' म्हणतात, व आदर दर्शविणारा 'पो' हा निपात वाक्यात घालतात. मराठीतील तू आणि तुम्ही, अरे आणि अहो, यांची येथे सहज आठवण व्हावी. थोरल्या भावास 'कुया' व थोरल्या बहिणीस 'आते' म्हणून हाक मारण्याची आणि परक्यासही त्याच शब्दांनी जवळ करण्याची तेथील रीत मराठीतील दादा आणि ताई यांच्यासारखीच आहे. शब्दसंग्रहातही दूरचे नाते आहे : 'गुरो', 'मुखा', 'दिवाता' हे तागालोग शब्द संस्कृत गुरु, मुख व देवता यांचेच अवशेष होत. म्हणजे दोन्ही भाषांत जे आहे ते एका तिसऱ्या भाषेत नसल्यामुळे, त्या तिसऱ्या भाषेच्या गाळणीतून जाताना नेमके तेच गळून पडते.

लिनो ब्रोका यांच्या 'मायनिला सा मगा कुको नांग लिवानाग' (१९७५) या चित्रपटावरून हे पडताळून पाहता येईल. फिलिपाइन्समध्ये १९७२ मध्ये लष्करी कायदा पुकारण्यात आल्यानंतरच्या काळातील ही कृती आहे. कोळीवाड्यातील एक तरुण, काम व शिक्षण यांच्या आमिषाने शहरात नेलेल्या आपल्या प्रेयसीच्या शोधात मनिला येथे येतो आणि इमारतीच्या बांधकामावर मजुरी करू लागतो. त्या प्रेयसीचे नाव लिगाया पाराइसो. 'लिगाया' म्हणजे आनंद आणि 'पाराइसो' म्हणजे स्वर्ग. इंग्रजी उपशीर्षकात ते केवळ एक परके विशेषनाम राहते आणि त्यातील दारुण उपरोध प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही. मराठी अनुवादकास त्यासाठी काही युक्ती योजता येईल. मुकादम, सहकारी आणि घरमालकीण यांच्याशी तो तरुण कोणत्या सर्वनामाने बोलतो, यावरून शहरातील त्याची पायरी कळते. आणि गाव सोडून कारखान्याच्या फाटकाशी उभा राहिलेला सातपूरचा कामगार ही पायरी कोणत्याही समीक्षकापेक्षा अधिक अचूक ओळखील.

अर्थात मराठी उपशीर्षके म्हणजे सर्व अडचणींवरील उतारा नव्हे. तागालोगमधील 'सिया' हे सर्वनाम स्त्रीपुरुष भेद करीत नाही. मराठीत तो किंवा ती असे सांगावेच लागते, आणि क्रियापदावरून बोलणाऱ्याचे लिंगही उघड होते. एखाद्या पात्राची ओळख दिग्दर्शकाने लपवून ठेवली असेल, तर मराठी अनुवाद ती अकाली फोडील. शिवाय आजच्या फिलिपिनी संवादांत तागालोग व इंग्रजी यांची सरमिसळ असते आणि ती सामाजिक प्रतिष्ठेचे चिन्ह असते. तिच्यासाठी मराठीतील तशाच सरमिसळीचा विवेकाने उपयोग करावा लागेल. परंतु या अडचणी अनुवादाच्या आहेत. त्या सोडविण्याचे प्रयत्न करता येतात. अनुवादच न करण्याच्या अडचणीवर मात्र इलाज नाही.

येथे विद्यापीठांचे कर्तव्य सुरू होते. 'श्वास' (२००४) नंतरचा मराठी चित्रपट आणि २००५ मध्ये सुरू झालेल्या 'सिनेमालाया' महोत्सवाभोवती वाढलेला स्वतंत्र फिलिपिनी चित्रपट हे एकाच काळाचे समांतर प्रवाह आहेत. त्यांची ओळख करून देणारे प्रदर्शन भरविणाऱ्या संस्थेपाशी बहुधा भाषातज्ज्ञ नसतो, आणि भाषाविभागापाशी बहुधा चित्रपट नसतो. एका चित्रपटाची मराठी उपशीर्षके तयार करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका गटास झेपण्यासारखे काम आहे, आणि आदरार्थी रूपे, नातेवाचक शब्द व सर्वनामव्यवस्था यांचा तौलनिक अभ्यास त्यातून आपोआप घडेल. इंग्रजी न जाणणाऱ्या प्रेक्षकासाठी पडद्यावर देशी अक्षरे असावीत, ही गोष्ट १९१३ मध्ये एका त्र्यंबककराने गृहीत धरली होती. शंभराहून अधिक वर्षांनी तीच गोष्ट मागणी म्हणून मांडावी लागावी, यात या इतिहासाचा सर्वांत विचार करण्याजोगा भाग आहे.