गागोदे, चिरनेर, चरी

कुलाबा जिल्ह्याच्या इतिहासाची गोष्ट निघाली की बहुतेकांची नजर समुद्राकडे आणि गडकोटांकडे वळते. आंग्र्यांचे आरमार, जंजिऱ्याचा सिद्दी, रायगडावरील राज्याभिषेक यांतच आमची लेखणी रमते, आणि १ जानेवारी १९८१ रोजी जिल्ह्याचे नावच रायगड झाल्यापासून तर तिला दुसरीकडे पाहण्याचे कारण उरलेले नाही. त्यात वावगे काही नाही. परंतु ह्याच जिल्ह्यात १९२७ ते १९३९ या अवघ्या बारा वर्षांत निःशस्त्र लोकांनी जे तीन मोठे झगडे दिले, त्यांचा एकत्र विचार क्वचितच होतो. महाडचे चवदार तळे एका पुस्तकात, चिरनेरचे जंगल दुसऱ्यात, चरीचा संप तिसऱ्यात. आणि विनोबांचे गागोदे कोणत्याच इतिहासात नाही, ते आपले संतचरित्रात.

मी गडबचा. वडखळहून नागोठण्याकडे जाताना डोलवीच्या पुढे, कासूच्या अलीकडे आमचे गाव लागते. पश्चिमेला अंबा नदी आणि धरमतरची खाडी, पलीकडे अलिबागचा खारेपाट. आमच्या गावात सहा-सात जण आहोत, जे दरवर्षी काही ठरलेल्या तारखा पाळतो. मंडळाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. ३० जानेवारीला गांधीजींच्या पुण्यतिथीची सभा, १२ फेब्रुवारीला सूत, ११ सप्टेंबरला गागोदे, २५ सप्टेंबरला चिरनेर, २७ ऑक्टोबरला चरी, असा आमचा वर्षाचा फेरा. बाहेरच्या माणसाला ही नुसती पुण्यतिथ्यांची यादी वाटेल. मलाही पहिली काही वर्षे तसेच वाटे. परंतु एकाच पावसाळ्याच्या शेवटी ही तीन गावे पाठोपाठ पाहिली म्हणजे त्यांची आपसात तुलना केल्यावाचून राहवत नाही, आणि ती तुलना वाटते तितकी सोयीची नाही.

गागोदे बुद्रुक आमच्याच पेण तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे येथे जन्मले आणि लहानपणीच वडिलांच्या नोकरीमुळे बडोद्याला गेले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांना निवडले आणि मग देशाने विचारले, हे विनोबा कोण? १९५१ च्या एप्रिलमध्ये तेलंगणातील पोचमपल्लीला भूदानाचा प्रारंभ झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र महत्त्वाची वाटते ती त्यांची १९५७ ची शांतिसेनेची कल्पना. दंगल झाल्यावर धावणारी ही सेना नव्हे. पाच हजार वस्तीमागे एक शांतिसैनिक, म्हणजे त्या वेळच्या देशाला सत्तर हजार, असा त्यांचा सरळ हिशेब होता. ह्या माणसाने एरवी वर्षभर घरोघर जायचे, आजाऱ्याची चौकशी करायची, भांडण चुलीपाशी असतानाच मिटवायचे. म्हणजे चव्हाट्यावर आग लागेल त्या दिवशी त्याचा शब्द लोक ऐकतील. ह्या कामाला लोकांची संमती आहे हे कळावे म्हणून सर्वोदयपात्र. घरातील लहान मुलाच्या हाताने रोज मूठभर धान्य त्यात पडायचे. मूठ मोठ्या माणसाची नको, लहानाचीच हवी, हा आग्रह मोठा मार्मिक आहे.

सत्तर हजार सैनिक कधीच उभे राहिले नाहीत. शांतिसेनेने चंबळच्या खोऱ्यात आणि दंगलग्रस्त शहरांत जे केले ते लहान नाही, पण जो हिशेब मांडला होता तो पुरा झाला नाही हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आणीबाणीत ‘अनुशासनपर्व’ या एका शब्दामुळे विनोबांवर जो राग धरला गेला, तो आमच्या मंडळींतील दोघांच्या मनातून अद्याप गेलेला नाही. ते गागोद्याला येतात, घराच्या ओटीवर बसतात, आणि परतताना वाटेत तोच वाद काढतात. मी तो मिटवीत नाही.

१२ फेब्रुवारीचे सूत ही विनोबांचीच योजना. १९४८ साली त्या दिवशी गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन झाले. म्हणून वर्षातून एकदा स्वतः कातलेली सुताची एक गुंडी प्रत्येकाने अर्पण करावी. गुंडी म्हणजे ६४० तार. रोज दोन तार काढले तरी वर्षात गुंडी होऊन वर उरते. कोणी थोर कृत्य करावे अशी ह्यात अपेक्षाच नाही. फक्त खंड पडू नये.

आता चिरनेर. १९३० च्या मे महिन्यात गांधीजी तुरुंगात गेले आणि पावसाळा आला तेव्हा मिठाचा सत्याग्रह आपोआप थंडावला. महाराष्ट्रात त्याची जागा जंगल सत्याग्रहाने घेतली. लोकनायक बापूजी अणे यांनी जुलैत पुसदला कायदा मोडला. मग संगमनेर, बिळाशी असे वारे पसरत आमच्या बाजूस आले. राखीव जंगलाच्या कायद्याने आगरी, कोळी, कातकरी ह्यांचे सरपण, चारा, घराचे वासे सारेच अडले होते. त्यामुळे येथे कोणाला फारसे समजवावे लागले नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर आसपासच्या गावांची माणसे जमली. पोलिसांच्या गोळीबारात आठ जण मेले. चिरनेरचे धाकू गवत्या फोफेरकर आणि नाग्या महादू कातकरी, मोठ्या जुईचे रामा बामा कोळी, धाकट्या जुईचे आनंदा माया पाटील, कोप्रोलीचे रघुनाथ मोरेश्वर न्हावी, पाणदिव्याचे परशुराम रामा पाटील, खोपट्याचे हसुराम बुध्या पाटील आणि दिघोड्याचे आलू बेमट्या म्हात्रे. ही नावे मुद्दाम पूर्ण लिहिली, कारण ‘आठ हुतात्मे’ म्हटले की त्यांतील कातकरी आणि न्हावी आधी पुसले जातात.

त्याच दिवशी मामलेदार केशव महादेव जोशी हेही तेथे मारले गेले. कोणाच्या हातून, ह्याविषयी सरकारची हकीकत एक आणि गावाची दुसरी. सरकारने जमावावर खटला भरला. जोशी गोळीबाराचा हुकूम द्यायला तयार नव्हते आणि ते पोलिसाच्याच गोळीने पडले, असे गावोगाव सांगतात. आरोपींच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत डॉ. आंबेडकर होते.

चिरनेरला दरवर्षी मोठा समारंभ होतो, मानवंदना होते, भाषणे होतात. मी जी भाषणे ऐकली त्यांत बहुधा ह्या लढ्याला ‘अहिंसक’ हे विशेषण लावतात आणि पुढे जातात. माझे मन तेथे अडते. मिठाचा सत्याग्रह करायला हातात काही लागत नव्हते. खाडीचे पाणी आणि एक मडके पुरे होते. लाकडाचा कायदा मोडायचा तर हाती कोयता किंवा कुऱ्हाड हवीच. म्हणजे सत्याग्रहाचे साधनच असे की समोरच्या भ्यालेल्या शिपायाला ते हत्यार दिसावे. त्यात पुढारी तुरुंगात, स्वयंसेवकांची शिकवण थोड्या आठवड्यांची, आणि एकाच माळावर अनेक गावांची गर्दी. ‘शांत राहा’ असे सांगितले तर कोणी कोणाचे ऐकायचे, हे ठरायला वेळच मिळाला नव्हता. ह्याचा दोष गोळ्या खाणाऱ्यांवर टाकण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. गोळी झाडणारा तो झाडणाराच. पण अहिंसा ही मनातील सदिच्छा आहे, की आधी बसवावी लागणारी घडी आहे, हा प्रश्न चिरनेरच्या माळावर उभा राहतो आणि मानवंदनेने तो सुटत नाही.

तीन वर्षांपूर्वीच महाडला ह्याचे उलट उदाहरण घडले होते. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्या लोकांवर परतीच्या वाटेत लाठ्याकाठ्या पडल्या. संख्येने ते कमी नव्हते आणि त्यांत सैन्यातून निवृत्त झालेले लोकही होते. डॉ. आंबेडकरांनी त्यांना आवरले आणि ते आवरले गेले. अहिंसेच्या आपल्या पुस्तकांत महाडला जागा मिळत नाही, कारण तेथे खादीची टोपी पुरेशी दिसत नाही! मग उरलेल्या हक्काचा निकाल कोर्टात लागला, तोही १९३७ साली, दहा वर्षांनी.

आणि खाडीपलीकडे चरी. येथे मला जरा अधिक थांबले पाहिजे.

खारेपाटातील शेती म्हणजे समुद्राकडून उसनी घेतलेली जमीन. खाडीच्या कडेने मातीचा बांध घालायचा, उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडायचे, भरतीचे आत येऊ द्यायचे नाही. बांधाला खांड पडली की एका उधाणात खारे पाणी शेतात शिरते आणि पुढची दोन-तीन वर्षे भात धड येत नाही. म्हणून बांधाची डागडुजी दरसाल करावी लागे. त्यासाठी आमच्याकडे जोळाची पद्धत होती. ज्याची जितकी जमीन तितकी त्याची माणसे बांधावर. खेकड्याने पाडलेले बीळ ज्याच्या शेतासमोर असेल त्याचे एकट्याचे नसते, कारण पाणी शिरले तर ते सात-बारा पाहून शिरत नाही. इतके करून जमिनीचा धनी मात्र खोत. पीक बुडाले तरी त्याचा खंड चुकत नसे, आणि कुळाचे नाव कागदावर कोठेच नसे.

नारायण नागू पाटील ह्यांनी कुळांना संघटित केले, आणि २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीच्या सभेत ठरले की खोताची जमीन कसायचीच नाही. संपात पंचवीस गावे होती. शेतकऱ्याने आपले शेत मुद्दाम ओसाड ठेवायचे, हे बोलायला सोपे आहे. जूनमध्ये पाऊस पडतो, मातीचा वास येतो, आणि बैल दावणीला उभे. सहा पावसाळे ते तसे बसले. लाकूडफाटा तोडून विकला, मजुरीला गेले, भांडीकुंडी गहाण पडली. ह्या काळात फुटण्याची आणि मारामारीची कारणे रोज एक मिळत असली पाहिजेत. तरी पंचवीस गावे टिकली. मला ह्याचे कारण जोळात दिसते. ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या दरसाल एकमेकांच्या वतीने चिखल वाहत आलेली होती. शब्द दिला की पाळायचा, नाही पाळला तर सगळ्यांचे शेत जाते, हे त्यांना कोणी आश्रमात शिकवले नव्हते. हे माझे अनुमान आहे. इतिहासकारांनी ते तपासावे.

१९३४ च्या डिसेंबरात डॉ. आंबेडकर शेतकरी परिषदेसाठी ह्या बाजूला आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर महसूलमंत्री मोरारजी देसाई चरीला आले. १९३९ साली कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला आणि संप मिटला. पुढे १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन, ज्या दिवशी कूळ कायद्याने जमिनीचा मालक झाला. १९४८ च्या कायद्याने खारजमिनींच्या बांधांचे काम सरकारकडे जाऊ लागले. जोळ हळूहळू मोडला. बांध सरकारचा म्हटल्यावर खेकड्याच्या बिळाकडे कोण पाहणार? आज आमच्या बाजूला उधाण आले की किती शेते खारी होतात, हे डोळ्यांनी पाहावे.

तरी काही शिल्लक राहिले असावे. जासई-न्हावा शेव्याच्या लढ्यात १९८४ च्या जानेवारीत पुन्हा गोळ्या चालल्या आणि पाच शेतकरी मेले. परंतु महामुंबई सेझसाठी जमिनी घ्यायच्या ठरल्या, तेव्हा आमच्या तालुक्यात वर्षानुवर्षे सभा, मोर्चे, उपोषणे चालली, आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील बावीस गावांत सरकारला लोकांचे मत घ्यावे लागले. म्हातारी माणसे रांगेत उभी होती. दगड उचलला गेला नाही. पुढच्या वर्षी भूसंपादनाची मुदत संपली आणि जमिनी राहिल्या.

आमच्या मंडळींत दोन वर्षे एक वाद चालला होता. ३० जानेवारीच्या सभेत चिरनेरच्या आठ जणांची नावे वाचली जातात. मी म्हटले, नववे मामलेदार जोशींचे वाचावे. दोघे संतापले. सरकारच्या माणसाला हुतात्म्यांच्या पंक्तीला बसवता? मी म्हटले, पंक्तीला नका बसवू, पण त्या दिवशी मेला तो माणूस होता एवढे तरी म्हणा. आमच्यातले सर्वांत वडील नाना इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “त्याच्याही घरी त्या रात्री चूल पेटली नसेल रे.” पुढच्या ३० जानेवारीला नाना आठ नावे वाचून थांबले, चष्मा पुसला, आणि नववे वाचले. संतापलेल्यांपैकी एक उठून बाहेर गेला. १२ फेब्रुवारीला तो सूत घेऊन आला. गुंडी पुरी होती.